घरची बाग, घरची वायनरी : नाशिकमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी उरकली, गोडी छाटणीची (फळासाठीच्या छाटणीची) धावपळ जरा निवळली की आमच्याकडे फोन सुरू होतात. कधी निफाडकडचा बागायतदार असतो, ज्याचा व्यापारी यंदा पैसे बुडवून गेलेला असतो. कधी पुण्याचा आयटीवाला, ज्याने इगतपुरीच्या अंगाला दोन एकर घेऊन ठेवलेत. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. दिंडोरी तालुक्यात आमची साडेचार एकर बाग आहे, त्यातली दोन एकर वाईनच्या जातींची, आणि घरामागे एक छोटी वायनरी. एकच उत्तर दहा जणांना देण्यापेक्षा एकदाच लिहून काढतो.

सुरुवात कुठून करायची? बागेपासून की वायनरीपासून?

गिऱ्हाइकापासून.

थट्टा नाही, हिशोब करून बघा. एकरी चार टन द्राक्ष धरू. एका टनातून साधारण साडेसहाशे लिटर वाईन निघते. म्हणजे एकरी २,६०० लिटर, ७५० मिलीच्या साडेतीन हजाराला थोड्या कमी बाटल्या. दोन एकरांत सात हजारांच्या जवळपास. वर्षभर रोज एकोणीस बाटल्या खपल्या तर माल संपतो, आणि त्यात गांधी जयंती, आषाढी एकादशी, निवडणुका असे ड्राय डे आलेच. आता वही घ्या आणि या एकोणीस बाटल्या रोज कोण नेणार ते लिहा. मेहुणे आणि कॉलेजचे मित्र पहिल्या वर्षी नेतात, दुसऱ्या वर्षी फुकट मागतात.

म्हणून आमचा सल्ला असा. आधी वाईनच्या जाती लावा आणि चालू वायनरीला लेखी करार करून द्राक्ष द्या. बाग हाताशी आली की एखाद्या परवानाधारक वायनरीशी बोलून, उत्पादन शुल्क खात्याच्या परवानगीने, आपल्याच द्राक्षाची थोडी वाईन तिथे करून घ्या. ती विकून बघा. स्वतःच्या टाक्या त्यानंतर. आम्ही हे उलट्या क्रमाने केलं, त्याची फळं पुढे सांगतोच.

आमच्याकडे थॉमसन आहेच. त्याचीच वाईन का नको?

होईल, पण प्यावीशी वाटणार नाही. थॉमसन, सोनाका, तास-ए-गणेश ही खायची द्राक्षं: मणी मोठा, साल पातळ, बी नाही, रस भरपूर. वाईनची चव आणि वास बराचसा सालीत असतो, लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा साल आणि बी यांच्यात. मणी जितका बारीक तितकी रसाच्या मानाने साल जास्त. शिराजचा घड पहिल्यांदा पाहिला तेव्हा वडील म्हणाले होते, "हे काय, करवंदं लावलीत का?"

मग कोणत्या जाती लावाव्यात?

नाशिकमध्ये पांढऱ्यात शेनिन ब्लाँ आणि सोविन्यो ब्लाँ, लालमध्ये शिराज आणि कॅबरने सोविन्यो या चार जाती रुळलेल्या आहेत. झिन्फांडेल, मर्लो, टेम्प्रानिलो, व्हिओनिये यांचेही प्लॉट दिसतात. पहिल्यांदा करणाऱ्याने एक पांढरी, एक लाल, एवढ्यावर थांबावं. आमच्याकडे शेनिन आणि शिराज आहे. शेनिन उत्पन्न देतं, आंबटपणा टिकवतं आणि त्यातून कोरडीपासून (म्हणजे बिनगोडाच्या वाईनपासून) गोडसरपर्यंत काहीही करता येतं. शिराज आपल्या उन्हाला घाबरत नाही. सोविन्यो ब्लाँचा वास उन्हात लवकर उडतो, ते नवख्याचं काम नाही. झिन्फांडेलचा घड दाटीचा, आत एक मणी सडला की अख्खा घड गेला.

खुंट (ज्या मुळाच्या वेलीवर हव्या त्या जातीचं कलम भरतात तो) मात्र नेहमीचेच, डॉगरिज किंवा ११० आर. आमच्या अनुभवात डॉगरिजवर वेल फार माजतो, वाईनसाठी ११० आर बरा.

जमीन कशी हवी?

भारी काळी नको. मुरमाड, उताराची, पाणी न साठणारी हवी. जी जमीन आजोबांनी "हलकी" म्हणून धाकट्या भावाच्या वाट्याला दिली, ती बहुधा वाईनला चांगली. नाशिक जिल्हा समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटरवर असल्याने हिवाळ्यात दिवस-रात्रीच्या तापमानात चांगला फरक पडतो, आणि पिकत्या द्राक्षाचा आंबटपणा टिकवायला तोच कामी येतो. पश्चिमेला त्र्यंबक-इगतपुरीकडे पाऊस फार, रोगही फार. निफाड-चांदवडकडे पाऊस कमी, पण निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे: पारा घसरला की मणी तडकू नयेत म्हणून लोक पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात.

बाहेरून येणाऱ्यांसाठी दोन ओळी. महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायला आधी शेतकरी असावं लागतं. आणि दिंडोरी, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीत पुष्कळ जमीन आदिवासी खातेदारांची आहे, ती बिगर आदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही. एजंट कितीही गोड बोलला तरी सातबारा आणि जुने फेरफार वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका.

खायच्या द्राक्षात वीस वर्षं घालवलीत. वाईनसाठी वेगळं काय शिकायचं?

शिकायचं थोडं, विसरायचं जास्त.

छाटण्या त्याच: एप्रिलमध्ये खरड (नवी काडी वाढवायला), सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो आणि उन्हाळ्यात फळतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून आपण दोनदा छाटून एकदा पीक घेतो आणि काढणी जानेवारी अखेरपासून मार्चपर्यंत येते. डाऊनी, भुरी, करपा, मिलीबग, उडद्या, रोग-किडींचे सगळे पाहुणे तेच. तारा, मांडव, ठिबक सगळं ओळखीचं. ८ बाय ४ फुटांवर लावलंत तर एकरी तेराशे-साडेतेराशे वेली बसतात.

फरक पुढे आहे. जीएचं (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं) डिपिंग नाही, विरळणी नाही, गर्डलिंग (खोडाची साल गोल कापणं) नाही. मणी फुगवायचाच नाहीये. मजुरी आणि औषधाचा एवढा खर्च वाचतो की पहिल्या वर्षी काहीतरी करायचं राहून गेल्यासारखं वाटत राहतं. रिकामे हात मग पाण्याच्या व्हॉल्व्हकडे जातात, ते आवरा. मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी मऊ पडायला लागल्यावर, ठिबक तोडत आणा. वेलीला थोडी तहान लागली पाहिजे.

सगळ्यात जड जाते ती पालाशची (पोटॅशची) सवय. आपण गोडी यावी, रंग यावा म्हणून शेवटच्या महिन्यात ०:०:५० हे पालाशचं खत सोडतो. वाईनच्या द्राक्षात पालाश जास्त झालं की रसाचा सामू (पीएच) चढतो, म्हणजे आंबटपणा उतरतो, आणि चढलेल्या सामूची वाईन चवीला बसकी होते, रंग टिकत नाही, बिघडतेही लवकर. मग वायनरीत टार्टारिक आम्ल घालून ते निस्तरत बसावं लागतं. पानांच्या देठाचं प्रयोगशाळेत परीक्षण करा आणि कागद सांगेल तेवढंच द्या.

दुसरी सवय गंधकाची. भुरी दिसली की आपला हात धुरळणीकडे जातो. काढणीच्या आधी चार ते सहा आठवडे गंधक बंदच ठेवायचं. मण्यावर उरलेलं गंधक टाकीत गेलं की यीस्ट त्याचा वायू करतं आणि सगळ्या शेडला कुजक्या अंड्याचा वास सुटतो.

आणि घड कमी करणं. एकरी दहा टन काढणाऱ्या माणसाला चार-पाच टनांवर थांबायला सांगणं म्हणजे काय, ते आमच्या घरात पाहिलंय. पहिल्या वर्षी शिराजचे हिरवे घड कापून खाली टाकत होतो तेव्हा वडील बांधावर उभे होते. काही बोलले नाहीत. घरी गेले आणि दुपारचं जेवले नाहीत.

पहिली बाटली हातात यायला किती वर्षं लागतात?

जानेवारी-फेब्रुवारीत खुंट लावला, त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कलम भरलं, पुढच्या वर्षी ओलांडे (तारेवर पसरवलेल्या मुख्य फांद्या) केले, तर वाईनजोगं द्राक्ष तिसऱ्या वर्षी धरा. पांढरी वाईन काढणीनंतर सहा महिन्यांत बाटलीत जाऊ शकते, चांगल्या लालला वर्ष-दीड वर्ष. चार-पाच वर्षं घरातून पैसा जातच राहतो. म्हणून खायच्या द्राक्षाची सगळी बाग एकदम मोडू नका. आमचं घर अजूनही अडीच एकर थॉमसनवर चालतं, हे सांगायला लाज वाटत नाही.

काढणीचा दिवस कसा ठरवता?

खायच्या द्राक्षात व्यापारी ठरवतो, इथे तुम्ही ठरवता, म्हणून रात्रीची झोप जाते. ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे, खालचे, आतले असे शंभरेक मणी पिशवीत घ्यायचे, कुस्करून रस गाळायचा आणि रिफ्रॅक्टोमीटर (रसातली साखर ब्रिक्समध्ये दाखवतो तो), सामूमापक आणि आंबटपणा, तिन्ही बघायचं. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतं. २२ ब्रिक्सच्या रसाची वाईन साडेबारा टक्क्यांच्या आसपास जाते. पांढरीला आम्ही २१-२२ ब्रिक्स आणि ३.२ ते ३.४ सामूवर कात्री लावतो. लालला २३-२४ पर्यंत थांबतो, सामू ३.६ च्या वर जाऊ न देता.

पण आकडे जुळले तरी आम्ही आईला विचारतो. ती मणी तोंडात टाकते, साल चघळते, मग बी दाताखाली फोडते. कच्चं बी हिरवट असतं, जिभेला चिकटून बसतं. पिकलेलं तपकिरी, आणि भाजल्या शेंगदाण्यासारखं कट्कन फुटतं. "अजून चार दिवस," म्हणाली की चार दिवस. चौथ्या रात्री आभाळ भरून आलं तर मात्र घरात कुणी कुणाशी बोलत नाही.

काढणी पहाटे, थंडीत. सूर्य वर यायच्या आत क्रेट सावलीत आले पाहिजेत.

वायनरीत काय काय लागतं?

मणी देठापासून सोडवून फोडणारं यंत्र, प्रेस, पंप, स्टेनलेस स्टीलच्या टाक्या, टाक्या गार ठेवणारा चिलर, छोटी प्रयोगशाळा, बाटली भरायची आणि बूच लावायची यंत्रं, धुण्याच्या पाण्यासाठी सांडपाणी प्रक्रिया. आणि जनरेटर. यादीत शेवटी लिहिलाय, खरेदीत पहिला ठेवा.

ओकची पिंपं फोटोत छान दिसतात. २२५ लिटरच्या एका पिंपात तीनशे बाटल्यांची वाईन बसते, पिंप परदेशातून येतं आणि तीन-चार हंगामांत त्याचा वास संपतो. शेनिनला ते लागतच नाही. शिराजसाठी सुरुवातीला दोन पुरेत.

यंत्रांचे कोटेशन घेताना एक लक्षात ठेवा. पिण्याचं अल्कोहोल जीएसटीत येत नाही. त्यामुळे यंत्र, बाटली, बूच, खोका या सगळ्यावर भरलेला जीएसटी पुढे वळता करून घेता येत नाही, तो तुमच्या खर्चातच मुरतो. आमच्या पहिल्या हिशोबात हा आकडा नव्हता.

सांडपाण्याला हलक्यात घेऊ नका. एक लिटर वाईनमागे टाक्या, नळ्या, फरशी धुण्यात कित्येक लिटर पाणी जातं, आणि ते साखर-आम्लाचं पाणी सरळ नाल्यात सोडलं तर खालचा शेतकरी दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. साल-बियांचा चोथा मात्र सोनं आहे, शेणात मिसळून वर्षभर कुजवला की बागेलाच परत.

जनरेटरवर एवढा जोर का?

कारण आमचा दुसरा हंगाम. हजार लिटर शेनिन आंबवणीला लागलेलं, १५ अंशांवर, शेडमध्ये पिकल्या अननसासारखा वास. रात्री दहाला लाईट गेली. आम्ही म्हटलं, येईल तासाभरात. पहाटे सहाला आली. आंबवणीत टाकी स्वतःच तापते, तिला बाहेरच्या उन्हाची गरज नसते. थर्मामीटर २७ दाखवत होता. यीस्ट आधी उधळलं, मग दमून बसलं, आणि साखर अर्धवट शिल्लक राहिली. नवीन यीस्ट लावून आंबवणी पुरी केली, पण अननस गेला तो गेला. उरला उकडलेल्या पेरूचा वास. त्या वर्षीचं शेनिन आम्ही बाटलीत भरलंच नाही. लेबलचं डिझाइन तेव्हा तयार होतं, त्यासाठी मुंबईहून माणूस बोलावला होता. जनरेटर "पुढच्या वर्षी बघू" म्हणून ठेवला होता.

टाकीत उतरल्याने माणूस दगावतो म्हणतात, खरं का?

खरं आहे. एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरच्या वर कार्बन डायऑक्साइड निघतो. तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी आणि खालच्या खोलीत साचतो, दिसत नाही. जुनी माणसं विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडायची तो प्रकार इथे पुरत नाही, कारण दिवा विझेपर्यंत हवा माणसासाठी आधीच धोक्याची झालेली असते. भिंतीवर गॅस मीटर, तळाशी एक्झॉस्ट फॅन, आणि टाकी धुवायला एकट्याने कधीच उतरायचं नाही. एक जण पडला तर दुसऱ्याने मागोमाग उडी मारायची नाही, आधी हवा सोडायची आणि मदत बोलवायची. हे हंगामी मजुरांना दरवर्षी पहिल्या दिवशी, त्यांच्या भाषेत सांगा.

परवाने किती लागतात?

मुख्य परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाचा. त्याशिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची उभारणीची आणि नंतर चालवण्याची अशी दोनदा संमती, अन्न सुरक्षेचा एफएसएसएआय परवाना, बांधकामाची आणि जागेच्या वापराची मंजुरी, लेबलची मंजुरी, वजनमापांची नोंदणी. चहाची टपरी वेगळी आणि टेस्टिंग रूम वेगळी, तिथे पेल्यातून वाईन द्यायची तर त्याचाही परवाना.

एक सांगून ठेवतो. कागद मिळवणं हे एकदाचं काम, कागद सांभाळणं रोजचं. किती द्राक्ष आलं, किती रस निघाला, गाळात किती गेलं, किती बाटल्या भरल्या, किती फुटल्या, लिटर न लिटर रजिस्टरमध्ये लागतो. घरात ज्याचं अक्षर चांगलं आणि डोकं थंड, त्याला या कामाला बसवा. आमच्याकडे ते वहिनीकडे आहे, आणि खरी मालकीण तीच आहे.

घरगुती, पाहुण्यारावळ्यांपुरती केली तर?

विनापरवाना करू नका. १९४९ चा मुंबई दारूबंदी अधिनियम आता महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नावाने लागू आहे आणि त्यात बरणीला सूट नाही.

सरकारी सवलती काय आहेत?

२००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीकडे पलूसला वाईन पार्क काढले, राज्यातल्या द्राक्षाच्या वाईनला उत्पादन शुल्कात सूट दिली. नाशिकच्या बहुतेक वायनऱ्या त्यानंतरच्याच. वाईनवरच्या २० टक्के व्हॅटमधल्या १६ टक्क्यांच्या परताव्याची योजनाही आहे. पण परतावा म्हणजे आधी भरायचं आणि मग वाट बघायची. सवलत आली तर दिवाळी समजा, घरखर्च तिच्यावर लावू नका.

विक्री कुठे करायची? सुपरमार्केटमध्ये वाईन येणार होती ना?

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांत वाईन ठेवू देण्याचा निर्णय झाला होता, विरोध झाला, प्रत्यक्षात काही आलं नाही. त्या बातमीवर आजही लोक प्रकल्प अहवाल लिहून आणतात.

खऱ्या वाटा तीन. पहिली, वितरकामार्फत दुकानं. आपल्याकडे ज्याला वाईन शॉप म्हणतात तिथे वाईन सोडून सगळं समोर मांडलेलं असतं आणि वाईन कोपऱ्यात, उभी, ट्यूबलाईटखाली तापत. लहान वायनरीची बाटली तिथे हरवते, आणि उधारी वेगळी. दुसरी वाट हॉटेलं. चार चांगली हॉटेलं, जिथला वेटर तुमची वाईन चाखलेला आहे, ती चाळीस दुकानांना भारी. तिसरी वाट स्वतःचं अंगण. गंगापूर धरणाच्या बाजूला सुला या मोठ्या वायनरीने हे करून दाखवलं आणि शनिवार-रविवारी मुंबईहून गाड्या भरून लोक येऊ लागले. लहान वायनरीने त्यांच्याशी स्पर्धा करायची नाही, त्यांच्याकडून परतणाऱ्याला वाटेत थांबवायचं. आमच्याकडे चार टेबलं आहेत. पेल्यासोबत आई शेंगदाण्याची चटणी आणि नाचणीचा पापड देते. शेनिनबरोबर ते चीजपेक्षा सरस लागतं. २१ वर्षांखालच्याला वाईन द्यायची नाही, ओळखपत्र विचारताना संकोच करायचा नाही, आणि चालकाला आम्ही द्राक्षाचा रस देतो.

परराज्यात जायची घाई नको. प्रत्येक राज्याचं लेबल शुल्क, परवानगी, कर वेगळे. सात हजार बाटल्यांना नाशिक, पुणे आणि मुंबई पुरेशी आहेत.

"वाईन तब्येतीला चांगली" असं सांगून विकता येईल का?

नाही. लेबलवर असा दावा करायला बंदी आहे, वैधानिक इशारा छापावा लागतो, आणि मुळात ते खरंही नाही. अल्कोहोल ते अल्कोहोल. चवीसाठी विका.

घरात माळकरी आहेत. लोक काय म्हणतील?

हा प्रश्न फोनवर सगळ्यात शेवटी येतो, आवाज खाली करून. आमचे वडील माळकरी. निवृत्तिनाथांची पालखी त्र्यंबकहून निघते तेव्हा चार मुक्काम तरी चालतात. वायनरीचं नाव काढलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "मुलाच्या लग्नात काय सांगायचं, काय धंदा आहे?" गावात काही दिवस "दारूवाल्यांचं घर" झालं. एका ठिकाणी सोयरीक खरंच मोडली. नंतर गावातली आठ-दहा माणसं हंगामात कामाला येऊ लागली तेव्हा बोलणं कमी झालं, संपलं नाही.

वडील वाईनला हात लावत नाहीत, बाग मात्र त्यांचीच आहे. त्यांची एकच अट होती. वाईन निवळायला परदेशात अंड्याचा पांढरा भाग किंवा माशापासून केलेला पदार्थ वापरतात, ते आपल्या घरात चालणार नाही. म्हणून आम्ही फक्त बेंटोनाइट वापरतो, ती मातीच असते. काम तितकंच चांगलं होतं, फक्त हात राखून घालायची, नाहीतर ती वासही ओढून नेते. तुमच्या घरात अशी अट असेल तर टाक्या घेण्याआधी बोलून घ्या. कर्ज उचलल्यावर झालेली भांडणं महाग पडतात.

स्पार्कलिंग करावी का?

सुरुवातीला नको. बाटलीत दुसरी आंबवणी, आत बाहेरच्या हवेच्या पाच-सहा पट दाब, जाड काच, फुटली की डोळा जाईल. दहा हंगाम काढा, मग बघा.

शिकायचं कुठे?

पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, बागेचा कुठलाही प्रश्न तिथे न्या. वाईन तंत्रज्ञानाचं शिक्षण मांजरीच्याच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये मिळतं. पण सगळ्यात उपयोगाचं म्हणजे एक हंगाम दुसऱ्याच्या वायनरीत टाक्या धुणं. फेब्रुवारीत रात्री दोनला पंप बंद पडला की पुस्तक सापडत नाही, हात सापडतात. पहिली तीन वर्षं पगारी किंवा सल्लागार वाइनमेकर ठेवाच.

लोकांनी वाईनच्या बागा उपटल्या होत्या. पुन्हा तसं होणार नाही कशावरून?

होऊ शकतं. २००१ नंतर वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या, करार झाले, लागवडी झाल्या. २००८ च्या मंदीत आणि मुंबई हल्ल्यानंतर हॉटेलं ओस पडली, टाक्यांत जुनी वाईन पडून राहिली आणि नवं द्राक्ष घ्यायला कुणी उभं राहीना. वाईनचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही, बेदाणाही होत नाही, कारण बी असते. कित्येकांनी वेली उपटल्या किंवा त्याच खुंटावर थॉमसन भरलं. करारात भाव, ब्रिक्स, वजन कुठे करायचं आणि पैसे किती दिवसांत, हे चार शब्द लिहून घ्या. आणि आभाळाचं विसरू नका. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट आणि नोव्हेंबर २०२३ चा अवकाळी ज्यांनी बांधावर उभं राहून पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. वाईनचं द्राक्ष म्हणून गार चुकवत नाही. पीक विमा उतरवा.

आम्ही बघायला येऊ का?

या. जानेवारी अखेर ते मार्च येणार असाल तर जुने कपडे आणि बूट घालून या, क्रेट उचलावे लागतील. फक्त गप्पा मारायच्या असतील तर जुलै-ऑगस्ट बरा, तेव्हा बाग हिरवी असते, टाक्या शांत असतात आणि वहिनीच्या रजिस्टरांचं कामही जरा हलकं असतं. येण्याआधी ती एकोणीस बाटल्यांची वही लिहून आणा.